भजनाची वही

एकादशीची रात्र होती. देवळात भजन रंगले होते. आबा पेटी वाजवीत होते. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. समोर स्वर लिहिलेली वही. अंतरा आला आणि वही मिटली! आबांचा सूर चुकला. टाळ थांबले.

सकाळी आबा गुरुजींकडे गेले. म्हणाले, "गुरुजी, ही पानं आमच्या बुवांच्या हातची हायेत. बुवा गेले. ह्या चाली दुसरीकडं कुठं लिवलेल्या न्हाईत. वहीवर दगड ठेवला तर पान फाटतंय. काय करावं?"

गुरुजींनी वही पाहिली. सुटी पाने एकावर एक ठेवून कडेने दोरा घातला होता. अशी वही कडेला आवळते. पान पुरते उघडत नाही. गुरुजी म्हणाले, "आबा, दोरा कडेला नको. घडीत हवा."

चाल लिहून ठेवणे हे मोलाचे काम आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी स्वर लिहिण्याची सोपी रीत रूढ केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकातील स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब. एक टिंब गेले तरी सूर बदलतो. म्हणून पान जपावे.

आता वही कशी शिवावी ते पाहू.

१. चार मोठे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. याला जुज म्हणतात. एका जुजात १६ पृष्ठे होतात.

२. पाने सुटी असतील तर आधी जोडा. आठ पाने घ्या. पहिले आठव्याला, दुसरे सातव्याला, तिसरे सहाव्याला, चौथे पाचव्याला जोडा. जोडाला पातळ कागदाची बोटभर पट्टी खळीने चिकटवा. वाळू द्या. मग दुमडा.

३. प्रत्येक जुजाच्या घडीत सहा भोके पाडा. सर्व जुजांची भोके एका रेषेत हवीत. दुसऱ्या व तिसऱ्या भोकांमध्ये बाहेरून कापडाची एक पट्टी उभी ठेवा. चौथ्या व पाचव्यांमध्ये दुसरी ठेवा.

४. दोऱ्याला मेण लावा. सुई पहिल्या भोकातून आत घाला. दोऱ्याचे टोक बाहेर राहू द्या. दुसऱ्यातून बाहेर काढा. पट्टीवरून नेऊन तिसऱ्यातून आत घाला. असेच सहाव्यापर्यंत जा.

५. दुसरे जुज वर ठेवा. सहाव्यातून आत जाऊन तसेच पहिल्यापर्यंत परत या. दोऱ्याच्या टोकाशी गाठ मारा. पुढच्या प्रत्येक जुजाच्या शेवटी सुई खालच्या टाक्यात अडकवा आणि मग वरच्या जुजात जा. शेवटी पक्की गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनेच ओढा. आडवा ओढला तर कागद फाटेल.

६. वहीच्या पाठीला पातळ खळ एकदाच लावा. वजनाखाली रात्रभर ठेवा. पट्ट्यांची टोके दोन्ही पुठ्ठ्यांना चिकटवा. पाठीवरून कापड घ्या. ते पुठ्ठ्यांना चिकटवा, पाठीला नको. पाठ मोकळी राहिली की वही सपाट उघडते.

कसर लागू नये म्हणून काहीजण खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलांपासून दूर ठेवा. हात धुवा.

नवी चाल लिहिताना डाव्या पानावर सुरू करा. समोरच्या पानावर ती पुरी होईल. गाताना पान उलटावे लागणार नाही.

आबांनी तीन दिवस बसून वही शिवली. पुढच्या एकादशीला ती पेटीवर उघडी राहिली. दगड नको, पाट नको. आबांनी नातवाला जवळ बसवले. म्हणाले, "बघ पोरा, बुवा पुन्ना बोलाया लागले."

सांगा पाहू :
१. आबांची वही का मिटत होती?
२. एका जुजात किती पृष्ठे असतात?
३. पाठीला कापड का चिकटवू नये?
४. तुमच्या घरी जपण्यासारखी कोणती वही आहे?