आपले मत आणि शेजाऱ्याचा जीव

संकटात ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या मताला किती महत्त्व द्यावे, या प्रश्नाचे स्वानुभवातून आलेले एक रोखठोक उत्तर 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये लिहिले गेले. त्या ऑगस्टमध्ये शहरात प्लेग शिरला. विद्यापीठ येनाला हलले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनीही निघावे, असा सॅक्सनीच्या अधिपतींचा आग्रह होता. पण ते राहिले. पत्नी काथरिना गरोदर, घरात लहान मुलगा आणि त्याच घरात आजारी माणसे. नगराध्यक्षांच्या पत्नीने तर जवळजवळ ल्यूथर यांच्या हातांतच प्राण सोडला.

साथीत गाव सोडणे ख्रिस्ती माणसाला शोभते का, असे ब्रेस्लाऊचे पाळक योहान हेस यांनी विचारले होते. स्वतः मागे राहिलेल्या ल्यूथर यांनी उत्तरात सगळ्यांना राहण्याचा हुकूम सोडला नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. पाळक, अधिकारी, वैद्य, आईबाप, म्हणजे ज्यांच्यावर कुणाची तरी भिस्त आहे, त्यांनी जागा सोडू नये. आजाऱ्यांची सोय लागली असेल, तर बाकीच्यांनी खुशाल जावे. विश्वास भक्कम असलेल्याने आपली फूटपट्टी दुबळ्याला लावू नये.

शूरांचीही त्यांनी गय केली नाही. औषध टाळून, 'देव राखील' म्हणत रोग्यांच्या घरांतून उगाच हिंडणारा देवाची परीक्षा पाहतो. त्याच्यामुळे दुसरा दगावला, तर ते रक्त त्याच्याच माथी. धाडसालाच भक्ती समजण्याची खोड जुनी आहे. घराला धुरी द्या, औषध घ्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असा त्यांचा साधा सल्ला होता.

कोरोनात हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. 2020 चा ईस्टर, 12 एप्रिल, टाळेबंदीत आला आणि चर्चची दारे बंद राहिली. पुढे मास्क, लस, प्रभुभोजनाचा एकच प्याला यांवर वाद झाले. अशा वादात कोण बरोबर, हे ठरवण्याआधी मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्यांची यादी काढावी: रक्तदाबाच्या गोळ्या कुणाच्या संपल्या, किराणा कोण पोहोचवणार, रोज फोन कोण करणार. मास्क निरुपयोगी वाटत असला, तरी दम्याच्या रुग्णाशेजारी बसताना तो लावावा. मत बदलण्याची सक्ती त्यात नाही. त्या मताची किंमत दुसऱ्याने मोजू नये, एवढेच.

रूढीलाही हाच नियम लागू पडतो: तिची किंमतही दुसऱ्याने मोजू नये. ल्यूथर यांनी दफनभूमी शहराबाहेर असावी, असे सुचवले होते. जुलै 2020 मध्ये केरळच्या आलप्पुळा धर्मप्रांताने कोविडने मृत झालेल्यांचे दहन करून अस्थी चर्चच्या दफनभूमीत पुरण्याची मुभा दिली, कारण तिथल्या पाणथळ जमिनीत पुरेसा खोल खड्डा खणता येत नव्हता.