ओझे टेकवायचे कुठे?



या तिमाहीच्या अभ्यासपाठासाठी कंबरदुखी हा विषय घेतला आहे. पाड्यावरच्या बैठकीत बायकांना काय दुखते असे विचारले, तर ताप-खोकल्याच्या आधी कंबर येते. दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र ती फारशी दिसत नाही, कारण कंबर दुखते म्हणून मजुरी कोण बुडवणार? जव्हार-मोखाड्याकडे मी काम करते तिथे हे दुखणे वयाबरोबर यायचेच असे धरून चालतात. मला ते पटत नाही. पंचविशीतल्या मुली कमरेला हात लावून उठताना मी रोज पाहते. त्यांचे वय झालेले नाही, त्यांचे हंडे मोजा.

आधी कमरेची रचना समजून घेऊ. कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट, आतून मऊ. ती गादीसारखी दणका सोसते. मणक्यांच्या मागच्या बाजूला स्नायू असतात आणि पुढे वाकलेले शरीर तेच मागून ओढून धरतात. बचत गटात हे सांगताना मी तागडीचे उदाहरण देते. समजा, तागडीचा एक दांडा हातभर लांब आहे आणि दुसरा फक्त तीन बोटे. लांब बाजूला हंडा टांगला, तर आखूड बाजूला किती वजन घालावे लागेल? हातभर म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, तीन बोटे म्हणजे ५. नऊपट वजन लागेल. भरलेला हंडा १५ किलोचा धरला, तर कमरेच्या स्नायूंना फक्त त्या हंड्यासाठी १३५ किलोची ओढ लावावी लागते. तोच हंडा पोटाशी धरला की अंतर वीतभर राहते आणि ओढ निम्म्याहून कमी होते. वजन तेच, अंतर बदलले.

हे खरे वाटत नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली छातीशी धरा आणि शंभर अंक मोजा. मग हात पुढे लांब करून मोजा. पन्नासच्या आतच हात थरथरू लागतात. बैठकीत हा खेळ फार रंगतो, आजीबाईसुद्धा मागे राहत नाहीत.

वाकलेले शरीर हेही ओझेच आहे. ४५ किलो वजनाच्या बाईचे कमरेच्या वरचे अंग पंचवीस किलोंहून अधिक भरते. आवणीत ती आडवी वाकते तेव्हा हातात चार रोपांची मूठ असली, तरी कमरेला स्वतःचेच अंग दिवसभर तोलून धरावे लागते. म्हणून आवणीच्या दिवसांत काहीही न उचलता कंबर धरते. दर अर्ध्या तासाला बांधावर येऊन, कमरेवर हात ठेवून, दोन-तीन वेळा मागे झुकावे. याला मिनिटभरही लागत नाही, मुकादमाने कितीही डोळे वटारले तरी.

आता डोक्यावरच्या ओझ्याकडे येऊ. हंडा डोक्यावर असला की बाई ताठ चालते. चुंबळीवरचा भार सरळ मणक्यांच्या रांगेतून खाली उतरतो. मानेला त्याचा त्रास होतोच, पण भार कमरेपुढे लोंबत नाही. कमरेची खरी परीक्षा दोनदा होते : जमिनीवरचा हंडा डोक्यावर चढवताना आणि डोक्यावरचा खाली उतरवताना. त्यातही अंग पिळून उचलले, म्हणजे पाय एका बाजूला, हंडा दुसऱ्या बाजूला आणि वळणे फक्त कमरेतून, तर चकतीवर सर्वांत वाईट ताण येतो.

उन्हाळ्यात दरीतल्या विहिरीवरून वर येणाऱ्या बायका वाटेत थांबत का नाहीत, असे आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने विचारले होते. उत्तर सोपे आहे. एकदा खाली ठेवले की पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते. सोबत कोणी असेल तर "हात लाव गं" म्हणता येते. एकटी असेल तर धाप लागली तरी चढण थांबून चालत नाही. मोळीचे तर विचारूच नका. हंडा निदान वाटेत थोडा ओतून हलका करता येतो.

सकाळच्या वेळेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रात्री आडवे पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा किंचित जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकून जड उचलणे टाळावे ते यासाठी. विहीर लांब असेल तर चालण्यात तेवढा वेळ आपोआप जातो. पण दारातच बोअरिंग असेल, तर आधी गुरे सोडावीत, चूल पेटवावी, मग हंडा उचलावा.

गुडघ्यात वाका, ओझे अंगाशी धरा, पाय वळवून फिरा. हे सर्व शिकवलेच पाहिजे. तरीही जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे की, केवळ उचलण्याची रीत शिकवून कामगारांची पाठदुखी कमी होत नाही. ओझे तेच, जागा तीच, घाई तीच, आणि पाठ मात्र वेगळी वागवा, हे चालत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये एक हिशेब मांडला. त्यानुसार सर्व काही अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता उचलायचे असताना, २३ किलो ही मर्यादा धरली जाते. परिस्थिती बिघडेल तशी ती खाली येते. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोची आणि युरियाची ४५. युरियाची गोणी म्हणजे आमच्याकडच्या कितीतरी बायकांचे स्वतःचे वजन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुषासाठी जास्तीत जास्त ५५ किलो सुचवले आणि स्त्रियांसाठी त्याहून बरेच कमी ठेवावे असे सांगितले. दिवाळीनंतर आमची कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे किती विटा डोक्यावर घ्यायच्या हे या आकड्यांवरून ठरत नाही, उचल किती फेडायची आहे त्यावरून ठरते. मोशेच्या नियमशास्त्रात वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्यालाही हात लावून मोकळे करण्याची आज्ञा आहे. भट्टीच्या शेठला ती वाचून दाखवावी असे मला अनेकदा वाटते.

गरोदर बाईचे प्रकरण वेगळे आहे. गरोदरपणात सांधे बांधून ठेवणारे धागे सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो, म्हणजे तागडीचा लांब दांडा आणखी लांबतो. बाळंतपणानंतर सव्वा महिना बाईला जड काम देऊ नये ही आपल्याकडची जुनी रीत शहाणपणाची आहे. पाड्यावर ती आठवड्यातच मोडते, कारण पाणी भरायला घरात दुसरे कोणी नसते. असे वारंवार झाले की पुढे अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. बायका हे वर्षानुवर्षे लपवतात. आशाताईंनी कंबरदुखीची चौकशी करताना हा प्रश्नही हलकेच, एकांतात विचारावा. आणि नवऱ्यांनाही बैठकीला बोलवावे. आमच्याकडे कावड पुरुषाची आणि हंडा बाईचा, अशी वाटणी कोणी केली कोण जाणे. कावडीचा भार दोन्ही बाजूंना सारखा विभागतो आणि ती खांद्यावर घ्यायला हंडा डोक्याइतका उंच न्यावा लागत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. लावू द्या, त्याने फारसे बिघडत नाही. साधी उसण बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. डाग मात्र देऊ देऊ नका. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तेवढे चालत-फिरत राहावे. परंतु मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप असेल आणि वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

उपायांपैकी मला सर्वांत आवडणारा दक्षिणेकडचा आहे. तमिळनाडूत जुन्या वाटांच्या कडेला दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा दगड अशी रचना दिसते. तिला सुमैतांगी म्हणतात, म्हणजे ओझे पेलणारी. केरळातही असे दगड आहेत. वाटसरूने न वाकता डोक्यावरचे ओझे त्यावर सरकवायचे, दम घ्यायचा आणि कोणाचा हात न लागता पुन्हा डोक्यावर घ्यायचे. तमिळनाडूत यांतले अनेक दगड गरोदरपणात वारलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेले आहेत.

आपल्या चढणींवर असे दगड का नसावेत? दोन मोठे दगड, एक फरशी, थोडे सिमेंट आणि एक दिवसाचे श्रमदान एवढेच लागते. विहिरीपाशी आणि हातपंपापाशीही ओटा हवा, म्हणजे हंडा जमिनीवर ठेवून भरावाच लागणार नाही. पेसा गावांच्या ग्रामसभांना निधी मिळतो, त्याच्या आराखड्यात ही मागणी घालता येते. ठराव बायकांनीच मांडावा. चढणीवरचा टेकू खांद्याइतका उंच असावा आणि विहिरीजवळचा ओटा कमरेइतका. उंची गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. पाणी भरणाऱ्यांपैकी सर्वांत ठेंगण्या बाईला तिथे उभी करा आणि तिच्या अंगावरून खूण घ्या. उंच बाईला थोडे वाकावे लागले तर चालेल, ठेंगणीला हात वर करून हंडा चढवावा लागता कामा नये.