कुसळ गेल्यानंतरचे अठरा तास

भाताची मळणी चालू असताना डोळ्यात कुसळ जातं, ऊसतोडीत पातं बुबुळाला ओरखडून जातं. मजुरी बुडू नये म्हणून डोळ्यावर पाणी मारून काम तसंच चालू राहतं. दोन दिवसांनी डोळा उघडेनासा होतो, तोवर ओरखड्यातून शिरलेल्या जिवाणूंनी किंवा बुरशीने बुबुळावर व्रण केलेला असतो. तो भरला तरी मागे पांढरं फूल राहू शकतं आणि नजर अधू होते. या दुखण्यात पहिला दिवस निर्णायक असतो. म्हणूनच गावातली प्रशिक्षित आरोग्यसेविका मला शहरातल्या नेत्रतज्ज्ञाइतकीच मोलाची वाटते.

नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यातला २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. तिथे गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते डोळ्याला इजा झालेल्यांना जवळच्या केंद्रात पाठवत आणि ओरखडा असेल तर तिथे तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं जाई. अठरा तासांच्या आत उपचार मिळालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला आणि २४ तास उलटल्यावर आलेल्या ४९ पैकी १४ जणांना. औषध तेच होतं, उशीर तेवढा वाढत गेला. मात्र नेपाळमध्येच पुढे झालेल्या मोठ्या चाचणीत महिला आरोग्य स्वयंसेविकांकडे मलम दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत व्रणांचं प्रमाण जवळपास सारखंच आढळलं. हा निकाल झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की बाईच्या पिशवीत मलम ठेवून भागत नाही. डोळा दुखावलेला माणूस त्याच दिवशी तिच्या दारात आला पाहिजे, आणि ते तिच्या एकटीच्या हातात नाही.

‘ती काही डॉक्टर नाही’ हा आक्षेप रास्त आहे, पण तिने व्रणावर उपचार करावेत असं कुणी म्हणत नाही. टोचणं, पाणी गळणं, उजेड सहन न होणं ही लक्षणं ओळखून माणसाला वेळेत पाठवणं हे तिचं काम. आपल्याकडे आशाताईंवर आधीच कामांचा ढीग आहे. डोळ्यांचं काम वाढवायचं तर प्रशिक्षण आणि मोबदलाही वाढवायला हवा. तुम्ही मात्र सुगी सुरू होण्याआधीच आशाताईंना विचारून ठेवा, की जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात. कुसळ गेलं तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पण चोळू नका, आणि रुतलेलं कुसळ जिभेने किंवा पदराच्या टोकाने काढू नका. मध, एरंडेल, अंगावरचं दूध काहीही घालू नका. घरात उरलेले थेंब तर नकोतच. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने वाढते. टोकदार वस्तू डोळ्यात घुसली असेल तर धुऊही नका आणि दाबूही नका, कागदी कपासारखं काहीतरी अलगद वर धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर धूसर झाली, तर हातातला विळा ठेवून त्याच दिवशी निघा.