वृद्धी संप्रेरक आणि स्नायूंतील साखर

शरीराची वाढ घडविणारे संप्रेरक स्नायूंना भरपूर साखरही पुरवीत असेल, असे कोणासही वाटेल. कित्येक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तसे लिहूनही येतात. वस्तुस्थिती मात्र बरीचशी उलट आहे.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. स्नायूपेशीच्या आत ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन साठवून ठेवलेले असते. इन्सुलिनचा संदेश पोचताच ते पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि ग्लुकोजला आत घेते. जेवणानंतरच्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे वृद्धी संप्रेरक नेमका याच कामाला आळा घालते.

याचा पहिला ठोस धागा अर्जेंटिनात सापडला. बर्नार्डो हौसे यांनी १९३० च्या सुमारास असे दाखविले की, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो, परंतु त्याची पीयूषिका ग्रंथीही काढली तर तो मधुमेह पुष्कळ सौम्य होतो. म्हणजे या ग्रंथीत इन्सुलिनच्या विरुद्ध काम करणारे काहीतरी होते. पुढे १९३७ मध्ये यंग यांनी धडधाकट कुत्र्यांना या ग्रंथीचा अर्क रोज टोचून कायमचा मधुमेह उत्पन्न करून दाखविला. हौसे यांना १९४३ मध्ये लष्करी राजवटीने विद्यापीठातून काढून टाकले, तरी खाजगी देणग्यांवर संस्था उभारून त्यांनी संशोधन चालूच ठेवले. १९४७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आता हे घडते कसे ते पाहू. वृद्धी संप्रेरक शरीरातील चरबी विरघळवते व मेदाम्ले रक्तात सोडते. स्नायूंना हे इंधन मिळाले की ते तेच जाळू लागतात व ग्लुकोजकडे पाठ फिरवितात. मेदाम्ले आणि ग्लुकोज यांच्यातील ही चढाओढ रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. याखेरीज पेशीच्या आत इन्सुलिनचा संदेश पुढे नेणारी साखळीही मंदावते, त्यामुळे इन्सुलिन असूनही ते कमी पडते. १९६५ मध्ये माणसाच्या हाताच्या रोहिणीत हे संप्रेरक थेट सोडून पाहिले, तेव्हा त्या हाताच्या स्नायूंनी ग्लुकोज कमी घेतले. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक मुळात नसते, त्यांना ते प्रथम दिल्यावर थोडा वेळ इन्सुलिनसारखाच परिणाम दिसतो. पुस्तकांतून परस्परविरोधी विधाने आढळतात ती यामुळे. हा परिणाम फार टिकत नाही.

निसर्गाने अशी अडवणूक का ठेवली असावी? उपाशीपोटी हे संप्रेरक वाढते. त्या वेळी साखर थोडी असते आणि मेंदूला ती हवीच असते. स्नायूंनी चरबीवर भागविले तर साखर मेंदूसाठी उरते आणि स्नायूंतील प्रथिनेही फार झिजत नाहीत. उपासमारीत जगण्याची ही उत्तम सोय आहे. पोट भरलेले असतानाही संप्रेरक जास्त राहिले, तर मात्र तीच सोय अंगावर येते. पीयूषिकेत गाठ होऊन हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवू लागले की प्रौढ माणसाचा जबडा पुढे येतो, बोटांतील अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो. अशा बऱ्याच रुग्णांना मधुमेहही जडतो. व्यायामशाळेत पिळदार शरीराच्या हौसेपायी हीच इंजेक्शने घेणारे तरुण आहेत. फुगलेला दंड आरशात दिसतो, रक्तातील साखर दिसत नाही.

ज्या घरात इन्सुलिन घेणारे मूल आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वयात येताना हे संप्रेरक वाढते, म्हणून इन्सुलिनची मात्राही बहुधा वाढवावी लागते. शिवाय गाढ झोपेत ते मोठ्या प्रमाणात स्रवते, आणि पहाटे काही न खाताही साखर चढलेली आढळते. मुलाने रात्री चोरून गोड खाल्ले असा आळ पुष्कळदा घरचेच घेतात. अशा वेळी डॉक्टर रात्री तीनच्या सुमारास साखर तपासायला सांगतात: ती तेव्हा ठीक असून सकाळी वाढलेली निघाली तर कारण बहुधा हेच असते, आणि तीन वाजता फारच खाली गेलेली दिसली तर रात्रीच्या इन्सुलिनचा फेरविचार करावा लागतो.