झाड जगवताना घडते नेतृत्व

वृक्षसंवर्धनाच्या गटातले नेतृत्व म्हणजे रोप लावल्यापासून ते स्वतःच्या मुळांवर तगेपर्यंत माणसे, पाणी आणि वेळ यांचा मेळ बसवण्याची जबाबदारी. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा ठिकाणी जून-जुलैत रोप लावणे सोपे, मे महिन्यात ते हिरवे ठेवणे अवघड. २०१९ पासून शहरात काम करणाऱ्या ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’सारख्या नागरिकांच्या गटांनी लागवडीइतकाच भर संगोपनावर दिला, तो यामुळेच.

जबाबदारीच्या पायऱ्या

नव्या स्वयंसेवकाकडे आधी हातकाम येते: खड्डा घेणे, आळे करणे, तण काढणे, रोपाला काठी बांधणे. दुसऱ्या पायरीवर एका रस्त्याची किंवा एका ओळीची जबाबदारी मिळते. कोणते रोप वाळले, कुठली जाळी वाकली, कुठे जनावरांनी पाला खाल्ला याची वहीत नोंद ठेवायची असते. तिसऱ्या पायरीवर माणसे सांभाळावी लागतात. टँकर कधी येणार, पाइप कोण धरणार, परीक्षेच्या दिवसांत कोणाची पाळी कोणी घ्यायची, हे ठरवावे लागते. शेवटची पायरी गटाबाहेरची असते. नगरसेवक, महापालिकेचा उद्यान विभाग, दारासमोर झाड नको म्हणणारा दुकानदार या सगळ्यांशी न भांडता बोलावे लागते.

स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे त्याच्यावर हुकूम चालत नाही. स्वतः वेळेवर येणे, काम नेमके वाटून देणे, चूक एकट्याला गाठून सांगणे आणि श्रेय चारचौघांत देणे, एवढीच साधने नेत्याच्या हाती असतात. गटप्रमुखपद दर काही महिन्यांनी बदलत ठेवले, तर अबोल मुलांनाही संधी मिळते.

करिअरशी संबंध

नीटद्वारे होणारे वैद्यकीय प्रवेश गुणांवर ठरतात. तिथे झाडे लावल्याचे गुण मिळत नाहीत, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. उपयोग पुढे होतो. कृषी, उद्यानविद्या, वनविद्या, पर्यावरणशास्त्र आणि समाजकार्य या शाखांत असा अनुभव थेट कामी येतो. कृषी शिक्षणाची सोय लातुरातच असून तिथली कृषी महाविद्यालये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न आहेत. समाजकार्य व ग्रामविकासासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र जवळ आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीतही स्वतः हाताळलेल्या प्रश्नाबद्दल बोलणे पाठांतरापेक्षा सोपे जाते.

सुरुवात कशी करावी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना हा सरळ मार्ग आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. शाळकरी मुलांनी हरित सेनेतून किंवा वसाहतीतल्या गटातून सुरुवात करावी.

अकरावी-बारावीत आठवड्याला रविवारची सकाळ पुरे. परीक्षेच्या तोंडावर सुट्टी घ्यावी, पण आपली पाळी दुसऱ्याकडे सोपवून. प्रमाणपत्राबरोबर तारखांसह नोंदवही जपावी: किती रोपे लावली, किती जगली, मेलेली का मेली. पालकांनी मुलाला गटात घालावे, मात्र त्याच्या वाट्याचे काम स्वतः करू नये आणि त्याच्या वतीने फोनही करू नयेत. जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय नेतृत्व येत नाही.