खरजेला औषध हवं, पण मांजराचंच

मांजराची खरूज बरी होते. सोसायटीतली भटकी मांजरं सांभाळताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. जीव जातो तो बहुतेकदा चुकीच्या उपायाने. शेजारच्या काकूंनी मायेपोटी एका मांजरीच्या मानेवर कुत्र्याचं गोचिडाचं औषध टाकलं. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. काही तासांतच तिला झटके सुरू झाले. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

म्हणून कळकळीने सांगते, कुत्र्याचं औषध, रॉकेल, फिनेल, माणसांच्या खरजेचं लोशन, काहीही परस्पर लावू नका. मांजर अंग चाटतं. कातडीवर लावलेलं पोटात जातंच.

खरूज बहुधा कानांच्या कडांवर सुरू होते. केस गळतात, करड्या खपल्या धरतात, मग तोंड, मान, पंजे. कातडीत बिळं करणारा बारीक किडा हे तिचं कारण. बुरशीचं गजकर्णही असंच दिसतं, पण त्याचं औषध वेगळं. तेव्हा आधी डॉक्टरांकडून कातडी खरवडून तपासून घ्या.

आयव्हरमेक्टिन स्वस्त आणि गुणकारी, पण मात्रा किलोला साधारण ०.२ मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजराला ०.६. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची १२ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे अशा वीस मांजरांची मात्रा! तुकडे करून अंदाजाने देऊ नका. लहान पिल्लांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

हाताळू न देणाऱ्या मांजराला सेलामेक्टिनचे थेंब सोयीचे. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला घाला. खाताना पाठीला हात लावू देऊ लागलं, की खांद्यांच्या मधे केस बाजूला करून थेंब सोडा. जवळच येत नसेल तर पिंजऱ्यात बांगडा ठेवून धरा आणि वर लगेच चादर टाका. अंधारात ते शांत होतं. भरल्या पिंजऱ्याच्या वजनातून रिकाम्याचं वजा करा, म्हणजे डॉक्टरांना मात्रा ठरवता येते.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा.

खाज थांबली तरी उपचार सोडू नका. अंड्यांतून नवे किडे निघतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुढचा डोस द्यायलाच हवा. आणि एकत्र राहणाऱ्या सगळ्या मांजरांना एकाच वेळी औषध द्या. एक जरी सुटलं, तरी खरूज पुन्हा सगळ्यांत पसरते.