खलील जिब्रान : आपल्याच ख्रिस्तसभेत जन्मलेला एक लेखक



‘प्रॉफेट’ हे लहानसे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या हाती आले असेल. त्यातील ओळी लग्नपत्रिकांवर आणि श्रद्धांजलीच्या कार्डांवर छापलेल्या दिसतात. वि. स. खांडेकरांनी जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या, तेव्हापासून हा लेखक आपल्या वाचकांना परका राहिलेला नाही. कुणी त्याला मुसलमान समजतात, कुणी सूफी. तो मॅरोनाइट कॅथोलिक घरात जन्मला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मॅरोनाइट ही लेबनॉनमधील प्राचीन ख्रिस्तसभा. ती रोमशी एकनिष्ठ आहे. तिच्या उपासनेची मूळ भाषा सिरियाक, म्हणजे प्रभू येशू बोलत असे त्या अरामी भाषेचेच एक रूप. जिब्रानची आई कमिला ही एका मॅरोनाइट धर्मगुरूची कन्या. हे वाचून कुणी दचकू नये. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा देण्याची जुनी परंपरा आहे आणि ती रोमला मान्य आहे.

६ जानेवारी १८८३ रोजी बशारी या डोंगरी गावात त्याचा जन्म झाला. स्तोत्रसंहितेत ज्यांचा उल्लेख येतो ते लेबनॉनचे गंधसरू याच गावाच्या वरच्या अंगाला आजही उभे आहेत. वडील करवसुलीच्या कामात होते. अफरातफरीच्या आरोपावरून त्यांना तुरुंगवास झाला आणि घर उघड्यावर आले. १८९५ साली कमिला चार मुलांना घेऊन अमेरिकेत बोस्टनला गेली. वडील मागेच राहिले. परक्या शहरात ही बाई पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार कापड आणि लेस विकत असे. शाळेत मुलाचे ‘जिब्रान खलील जिब्रान’ हे नाव तोडून ‘खलील जिब्रान’ करण्यात आले, स्पेलिंगही बदलले. आज जग त्याला त्याच नावाने ओळखते.

पंधरा वर्षांचा असताना त्याला बैरूतच्या मॅरोनाइट विद्यालयात परत धाडले गेले. तिथे त्याची अरबी पक्की झाली. १९०२ साली तो बोस्टनला परतला तो दुःखाच्या घरात. एप्रिल १९०२ मध्ये धाकटी बहीण सुलताना क्षयाने गेली. मार्च १९०३ मध्ये सावत्र भाऊ बुत्रोसही क्षयानेच गेला आणि जूनमध्ये आई कर्करोगाने. राहिली एक बहीण, मारियाना. ती एका शिवणकामाच्या दुकानात राबून भावाला पोसू लागली. जिब्रानच्या प्रत्येक चरित्रात त्याची अमेरिकन हितचिंतक मेरी हॅस्केल हिचे नाव मोठे असते आणि ते योग्यच आहे. तिने त्याला १९०८ साली चित्रकला शिकायला पॅरिसला पाठविले, त्याची इंग्रजी हस्तलिखिते तपासली. पण मारियानाच्या सुईला तितकीच जागा मिळायला हवी, असे आम्हांला वाटते.

त्याचे पहिले लेखन अरबीत. १९०८ च्या ‘बंडखोर आत्मे’ या कथासंग्रहात जबरदस्तीची लग्ने, जमीनदारांचा जुलूम आणि त्या जमीनदारांच्या पंगतीला बसणारे धर्मगुरू यांच्यावर त्याने कोरडे ओढले आहेत. त्या कथा धर्मगुरूंनी मुद्दाम वाचाव्यात. काही अतिशयोक्ती आहे, पण राग गरिबांच्या बाजूचा आहे. संदेष्टा आमोस याहून मवाळ बोलत नव्हता.

इंग्रजीतले त्याचे पहिले पुस्तक १९१८ सालचे. तेव्हा तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला होता. मात्र इंग्रजी आली म्हणून त्याने अरबी टाकली नाही. १९२० साली मिखाईल नईमी आदी स्थलांतरित लेखकांबरोबर त्याने ‘लेखणी मंडळ’ उभे केले आणि तो त्याचा अध्यक्ष झाला. पहिल्या महायुद्धात लेबनॉनच्या डोंगरात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा मदत गोळा करणाऱ्या समितीचा तो चिटणीस होता. त्याच्या इंग्रजी गद्यावर बायबलची लय आहे, तशीच अरबीचीही. म्हणून ते इंग्रजी वाचताना थोडे परदेशी, थोडे प्राचीन वाटते.

आता मुद्द्याचे बोलू. १९२३ च्या ‘प्रॉफेट’मधील विवाहावरचा किंवा मुलांवरचा भाग लग्नाच्या मिस्सात वाचू द्यावा, अशी विनंती तरुण जोडपी करतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. शब्दविधीतील वाचने आणि प्रतिसाद स्तोत्र यांच्या जागी बायबलबाहेरचा मजकूर घेता येत नाही, मग तो कितीही सुंदर असो. हा केवळ नियमाचा हट्ट नव्हे. शब्दविधीत परमेश्वर बोलतो आणि आपण ऐकतो. तिथे आपल्या आवडीचा लेखक आणून बसविला, तर आपण आपल्यालाच ऐकू लागतो. स्वागत समारंभात तो भाग खुशाल वाचावा. पती-पत्नीने एकमेकांना मोकळी जागा द्यावी, मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हे, हे आपल्या घरांत सांगण्याची गरज आहेच. मिस्सासाठी तोबितचे पुस्तक, गीतरत्न, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, अशी निवड मोठी आहे. आमच्याकडे या, मिळून निवडू.

१९२८ सालचे ‘मनुष्यपुत्र येशू’ हे पुस्तक आम्हांला अधिक मोलाचे वाटते. त्यात सत्तरहून अधिक माणसे येशूविषयी बोलतात. पेत्र, मरिया माग्दालेना, पिलात, कयफा, आणि शेवटी एकोणीस शतकांनंतरचा एक लेबनॉनी माणूस. हा येशू दुबळा, रडवेला नाही. तो ताठ मानेचा, हसणारा, डोंगर तुडवणारा आहे. आपल्या भिंतीवरच्या फिकट तसबिरींना हा चांगला उतारा आहे. परंतु सावध असावे. जिब्रानने नीत्शे आणि ब्लेक आवडीने वाचले होते. त्याचा माणूस स्वतःच्या बळावर स्वतःच्या मोठ्या रूपाकडे चढत जातो. आपला विश्वासांगीकार उलट सांगतो, की देव आपल्या तारणासाठी स्वर्गातून खाली उतरला. चढणाऱ्याला कृपेची गरज भासत नाही, पडलेल्याला भासते. जिब्रानच्या पुस्तकात पापक्षमेला फारशी जागा नाही, ती याच कारणाने.

दारूने त्याचे यकृत पोखरले होते. १० एप्रिल १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात वयाच्या ४८ व्या वर्षी तो वारला. आपण कॅथोलिक आहात का, असे तिथल्या धर्मभगिनीने विचारले तेव्हा तो ‘नाही’ म्हणाला, असे चरित्रकार सांगतात. तरीही बोस्टनच्या मॅरोनाइट चर्चने त्याला दारे उघडली आणि त्याचा अंत्यविधी तिथे झाला. पुढे शवपेटी बोटीने लेबनॉनला नेण्यात आली. बशारीतला मार सर्किस हा जुना मठ मारियानाने विकत घेतला आणि तिथे भावाला ठेवले.